हेच पायजे, पण हेच नको

आपल्या हातून झालेल्या कामाबद्दल सगळ्या जगाची आगाऊ माफी मागून ठेवणारा माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. बाकीच्या तालुक्यांत शोध घ्यायला माझी हरकत नाही, पण गरज वाटत नाही. लोक चोरी करतात आणि पकडले गेले की ‘मी नाही’ म्हणतात. आमचे शेजारी चोरी करत नाहीत, त्यांना कोणी पकडत नाही, आणि तरीही दिवसाआड दुपारी साडेतीनला, म्हणजे माझा डोळा नुकताच लागलेला असताना, दाराची कडी वाजवून विचारतात, “भाऊसाहेब, हे कुणाचं तर वाटतंय का, बगा की.” आमच्या दाराला बेल आहे. बेल ते वाजवत नाहीत. बेलच्या बटणावर कमळ आहे आणि कमळाकडे बघितलं तर ते आपल्या हातात उतरेल, अशी त्यांना भीती आहे.

मला ते भाऊसाहेब म्हणतात, कारण मी कोर्टात कारकून होतो. सदतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली शेवटची चौदा नक्कल विभागात. कुणाला निकालाची, दाव्याची नक्कल हवी असली की मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून बघायचं आणि खाली ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. त्यातून मला कायदा कळत असेल असा या शेजाऱ्यांनी ग्रह करून घेतला, आणि खोटं कशाला बोलू, मीही तो दूर केला नाही. नोकरीत असताना मला कायद्याबद्दल कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात, पण त्यांनी एकाही पोराला कधी पाढा शिकवलेला नाही. चादरीच्या कारखान्यात नक्षी काढणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायची पद्धत आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं हे काम केलं. मोठ्या चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत नक्षी भरायची. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात, पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवतात आणि माग ती भोकं वाचत चादर विणतो. कागद मालकाच्या हातात गेला की मास्तरांचा आणि त्या नक्षीचा संबंध संपला. चादर बाजारात जायची, मास्तर पुढच्या कागदाला लागायचे. आपण काढलेलं पुढे विणलं गेलं की रद्दीत गेलं, हे विचारायची त्यांची पद्धत नव्हती आणि सांगायची मालकाची नव्हती.

मालकाची पद्धत वेगळीच होती. आठवड्यातून एकदा ते नवी पेठेतल्या बाजारातून दुसऱ्या कारखान्याची जोरात खपणारी चादर काखेत मारून आणायचे, मास्तरांच्या टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, “मास्तर, हेच पायजे. पण हेच नको.” या एका वाक्यावर मास्तरांनी चौतीस वर्षं संसार केला. तीन ठिकाणी बदल केला की नक्षी आपली, असा बाजाराचा तोंडी कायदा होता. मग मास्तर एक पाकळी वाढवायचे, वेलीला एक गाठ मारायचे आणि मोराची मान फिरवायचे. तो मोर बाजारात गेला की पंधरा दिवसांत तिसऱ्याच कारखान्यातून मान पुन्हा सरळ करून परत यायचा, आणि मालक तो काखेत मारून आणायचे. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. मास्तरांना वाटत होतं, पण ते बोलत नव्हते. “दीडशे मोरांच्या माना पिरगाळल्या हो मी,” असं ते मला एकदा म्हणाले, आणि खुनाची कबुली देणारी माणसंही मी यापेक्षा मोकळ्या चेहऱ्याने उभी राहिलेली पाहिली आहेत.

पाच वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला. मास्तर घरी बसले आणि वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भाजी कशी चिरावी हे दाखवू लागले. काकडीचे सगळे काप एका मापाचे यावेत म्हणून ते पट्टी घेऊन बसल्यावर वहिनींनी पुण्याच्या लेकीला फोन केला. लेक कॉम्प्युटरमधली. तिने एक टॅब्लेट आणला, सोबत काचेवर चालणारा पेन आणला, आणि आठ दिवस राहून बापाला शिकवलं. मग इंटरनेटवर एक दुकान उघडून दिलं. तिथे चादर नाही, नुसती नक्षीच विकायची. कुणी ती उशीच्या अभ्र्यावर छापतो, कुणी लग्नपत्रिकेवर, कुणी मोबाइलच्या कव्हरवर. मास्तरांचा हात पाण्यात माशाने फिरावं तसा त्या काचेवर फिरू लागला. सगळं छान चाललं होतं. पण निघताना रिक्षात एक पाय ठेवून लेक म्हणाली, “बाबा, फक्त दुसऱ्या कुणासारखं काढू नका हं. कॉपीराइट असतं. तक्रार आली तर दुकान बंद करतात.”

तिला गाडी गाठायची होती. ती हे एक वाक्य बोलून गेली आणि पुढचं सगळं मला भोगावं लागलं.

पहिला बळी दातांचे डॉक्टर. मास्तरांनी एक वेल काढली, दोन दिवस न्याहाळली आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या लोखंडी फाटकावर अशीच वेल आहे. माझ्याकडून त्यांनी रीतसर मसुदा करून घेतला. ‘लिहून घेणार’ म्हणजे मास्तर, ‘लिहून देणार’ म्हणजे डॉक्टर, कारणे संमतीपत्र लिहून देतो की, माझ्या फाटकासारखी वेल काढण्यास माझी हरकत नाही. डॉक्टरांच्या दवाखान्यात मास्तर दीड तास नंबर लावून बसले आणि आत गेल्यावर तोंड उघडायच्या ऐवजी कागद उघडला. डॉक्टर म्हणाले, फाटक माझं आहे, वेल वेल्डरची. वेल्डर म्हणाला, मी विजापूरला एका बंगल्याला बघून केली. मास्तर विजापूरच्या गाडीची चौकशी करायला स्टँडवर गेले होते, तिथून मी त्यांना परत आणलं. त्यांना समजावलं की विजापूरवाल्याने आणखी कुठलं नाव सांगितलं तर आपण कुठपर्यंत जाणार. “जिथं पैली निघाली तितपर्यंत,” ते म्हणाले. “कुटं तर थांबंलच की.”

दुसरी आमची ही. दिवाळीला तिने दारात रांगोळी काढली होती. मास्तर दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले, थबकले, आणि हात जोडून म्हणाले, “वहिनी, तुमचा कोपरा माझ्यात आलाय.” त्या दिवसापर्यंत आमच्या हिच्या रांगोळीकडे मी धरून कोणीही दोनदा बघितलेलं नव्हतं. तिने संमतीपत्रावर लफ्फेदार सही केली. तेव्हापासून ती रांगोळी पूर्ण झाल्यावर खाली तारीख घालते, आणि समोरच्या कुलकर्णीबाई गॅलरीत आल्या की रांगोळी झाकून उभी राहते.

हळूहळू मास्तरांनी बघणंच बंद केलं. कुणाचं बघितलंच नाही तर कुणाचं उतरणार नाही, असा त्यांचा हिशोब. नवी पेठेतून ते आपल्या चपलांकडे बघत चालतात. तिथे दोन्ही बाजूंना साड्या लावलेल्या असतात. त्यात एकदा केळ्यांच्या गाडीवर जाऊन आदळले आणि गाडीवाल्याची माफी मागतानाही मान वर केली नाही, कारण गाडीवाल्याच्या मागे ब्लाउजपीसचं दुकान होतं. लग्नपत्रिका आली की पाकिटाला हात न लावता म्हणतात, “तुमीच वाचा, भाऊसाहेब, तारीख आन् येळ तेवढी सांगा.” आमच्याकडे जेवायला आले तर ताटाच्या काठावर नाजूक वेलबुट्टी निघाली. त्यांनी भात असा चौफेर पसरून घेतला की वेल पूर्ण झाकली गेली, मग आमटी मागितली. ही म्हणाली, मास्तरांना भात फार आवडतो.

दुकान चालेल कसं? प्रत्येक नक्षीखाली चार ओळींची माहिती लिहावी लागते. इतर लोक तिथे ‘मनमोहक’, ‘अप्रतिम’ असलं काहीतरी लिहितात. मास्तर लिहायचे, ‘हे फूल जास्वंदीसारखे आहे. जास्वंदही अशीच असते.’ किंवा, ‘ही चौकट माझी आहे असे वाटते. कुणाची असल्यास कळवावे, काढून टाकण्यात येईल.’ एका गिऱ्हाइकाने अभिप्राय दिला की विक्रेता अतिशय प्रामाणिक आहे, वाचून भीती वाटली, म्हणून घेतलं नाही. त्याच पानावर ‘कलाकाराचे नाव’ असा एक रकाना होता. तो मोकळा ठेवला तर पान पुढे सरकत नाही. मास्तर त्यात एक टिंब टाकायचे.

“बाबा, नाव घाला ना,” लेक फोनवर म्हणायची. “टिंब काय?”

“नाव घालायला आदी खात्री पायजे, बाळा. उद्या कुणी आलं, माझं हाय म्हणलं, तर नाव खोडायची लाज. टिंब कुणी खोडायला येत न्हाय.”

टिंबावरून बापलेकीचं आणखी एक भांडण होतं. मास्तर प्रत्येक नक्षीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब जादा ठेवतात. लेक ते काचेवरची धूळ समजून पुसायची, मास्तर परत टाकायचे. ही त्यांची कारखान्यातली सवय. सगळी नक्षी बिनचूक झाली तर दृष्ट लागते, म्हणून बाळाच्या गालाला तीट लावतात तसा एक चौकोन ते मुद्दाम चुकीचा रंगवायचे. चौतीस वर्षांत एकही कागद त्यांनी तिटेशिवाय सोडला नाही.

हे सगळं ऐकून तुम्हाला हसू येत असेल. मलाही यायचं. पण एक दिवस त्यांनी कडी वाजवली आणि नेहमीचा प्रश्न न विचारता टॅब्लेट नुसता पुढे धरला. काचेवर बाभळीचं फूल होतं. आपल्या माळावर पावसाळ्यात फुलतं तेच, पिवळं, गोल, पिसासारखं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लांब पांढरे काटे. असली फुलं ओळीने सगळीकडे पसरलेली, आणि काटे एकमेकांना कुठेही टोचत नव्हते. मला चित्रातलं काही कळत नाही. तरी मी बराच वेळ बघत राहिलो आणि झोपमोड झाल्याचं विसरलो.

“हे कुणाचं वाटतंय?” मास्तरांनी अगदी हळू विचारलं.

“कुणाचंच नाही,” मी म्हणालो. “मास्तर, हे तुमचं आहे.”

लेकीनेही तेच सांगितलं. इंटरनेट धुंडाळून ती म्हणाली, बाबा, असं कुणी काढलेलंच नाही. मास्तरांना चार रात्री झोप लागली नाही आणि पाचव्या सकाळी त्यांनी जाहीर केलं की घटस्थापनेच्या मुहूर्तावर हे फूल दुकानात ठेवायचं, आणि रकान्यात नाव टाकायचं. पूर्ण नाव. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात लाइटबिल आणि रेशनकार्ड सोडून त्यांचं नाव कशावरही छापून आलेलं नव्हतं. ते येता-जाता ते नाव पुटपुटू लागले.

घट बसण्याआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं. त्या आठवड्यात सोलापुरात कुठल्याही गच्चीवर आकाश दिसत नाही, नुसत्या चादरी दिसतात. मास्तरांच्या दृष्टीने हा वर्षातला सगळ्यात धोक्याचा काळ. वहिनींनी उशांचे अभ्रे आणायला पाठवलं म्हणून ते मान खाली घालून दोन्ही घरांच्या सामाईक गच्चीवर गेले, आणि वारा सुटून एक ओली चादर त्यांच्या तोंडावर येऊन बसली. आता तोंडावर आलेलं बघितल्याशिवाय बाजूला कसं करणार? ते ती चादर घेऊन खाली आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं.

“भाऊसाहेब, मी चोर हाय,” ते म्हणाले.

चादर आमचीच होती. लग्नात आहेर आलेली, पस्तीस वर्षांची, विटून विटून पिवळ्याची पांढरी झालेली. आणि तिच्यावर बाभळीची फुलं होती. तेच गोल, तेच दोन काटे. माझ्या मावशीच्या यजमानांनी दिली होती ती, पण मला विचाराल तर मी पस्तीस वर्षं तिच्यावर झोपलो आणि तिच्यावर काय आहे हे कधी बघितलं नव्हतं.

“कुणीतर आदीच काढलंय. मी कदी तर बघितलं असंल, इसरलो असंल,” मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणत होते. “नाव टाकनार होतो हो. दुकानच बंद करतो.” इतके दिवस मी त्यांच्या असल्या शंकांना मनातून हसत होतो. त्या दिवशी हसू आलं नाही. आयुष्यात एकदा हा माणूस स्वतःचं नाव लिहायला निघाला होता आणि माझ्या घरातली चादर आडवी आली होती.

आमची ही चादर आवरत होती. काहीतरी बोलावं म्हणून म्हणाली, “हा कोपऱ्यातला एक डाग तेवढा जात नाही बघा. पस्तीस वर्षं घासतेय. लिंबू लावलं, सोडा लावला.”

मास्तर उठले. कोपरा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कापड डोळ्यांपाशी नेलं.

“वहिनी, ह्यो डाग न्हाय,” ते म्हणाले. “विणलंय हे.”

उजवा खालचा कोपरा. एक टिंब. मग त्यांना हळूहळू आठवत गेलं. नोकरीचं तिसरं की चौथं वर्ष होतं. आठवडाभर वीज नव्हती, माग बंद, मालक गावाला गेलेले, टेबलावर कुणाची चादर पडलेली नव्हती. कारखान्याच्या खिडकीबाहेर बाभळ होती. त्यांनी बसल्या बसल्या काढलं होतं. मालक आल्यावर कागद बघून म्हणाले होते, “काटे? अंगावर घ्यायच्या चादरीला काटे?” आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला होता. मास्तर ते फूल तिथेच विसरले होते.

“म्हणजे तुमचंच की हो!” ही म्हणाली. मास्तर हसले. इतकं मोठं हसले की पलीकडून वहिनी धावत आल्या. हा आनंद अंदाजे चार मिनिटं टिकला, कारण नंतर मी तोंड उघडलं. मास्तरांच्या प्रश्नांना उत्तरं देता यावीत म्हणून मी मधल्या काळात थोडं वाचलं होतं, आणि वाचलेलं पोटात राहत नाही. मी म्हणालो, “तसं बघायला गेलं तर नोकरीत असताना काढलेलं सहसा मालकाचं असतं.”

मास्तरांचं हसू जागच्या जागी थांबलं. आमची ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने मालकांच्या बंगल्यावर गेलो. मास्तरांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली चादर, माझ्या पिशवीत स्टँपपेपरवरचं संमतीपत्र. मालकांनी पंच्याऐंशी ओलांडलेली. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून होते, कान गेलेले, डोळे शाबूत. मास्तरांनी वाकून नमस्कार केला, चादर त्यांच्या पायाशी उलगडली आणि ओरडून सगळी कैफियत सांगितली.

मालक चादरीकडे बघत राहिले. “ही व्हय? एकच ताणा घातला हुता हिचा, निघतील तेवढ्या चादरी काढल्या. माग रिकामा हुता म्हनून. एक न्हाय खपली. लोक म्हनायचे, काट्यावर कोन निजनार? मग जे सापडंल त्येच्या लग्नात आहेर करून टाकल्या.” माझ्या मावशीचे यजमान त्यांचे व्याही लागत होते, हे तेव्हा मला आठवलं.

“पन मालक, तुमची परवानगी पायजे,” मास्तर म्हणाले. “तुमच्या नोकरीत काढलंय.”

“कुनाला पायजे?”

“परवानगी! माझं नाव घालायला!”

मालकांनी वाकून चादरीचा कोपरा हातात घेतला आणि अंगठा टिंबावर फिरवला. “नाव कशाला? हे हाय की,” ते म्हणाले. “नवी पेटंत व्यापारी चादर उलटायचे तेच कोपरा बघाया. टिंब असलं की म्हनायचे, टिंबाची आलीय, मांडा. माना सगळ्यांनी फिरवल्या, मास्तर, पन टिंब एकानं उचललं न्हाय. चूक समजून गाळायचे लेकाचे. अख्ख्या बाजाराला ठावं हुतं.”

मास्तर जमिनीवर बसले. “मला कुणी सांगितलं न्हाय,” ते म्हणाले.

“सांगितलं असतं तर पगार वाढवा म्हनला असता.” मालक हे अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच होतं. मग त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, ‘लिहून देणार’च्या पुढचं स्वतःचं नाव वाचलं आणि कागद परत केला. “मी सही करनार न्हाय. मी मागायचो ते हेच पायजे, पन हेच नको. ह्ये फूल मी कदी मागितलंच नव्हतं. न मागितलेलं माजं कसं?”

दुसऱ्या दिवशी घट बसल्यावर फूल दुकानात गेलं. मास्तरांनी एका बोटाने, मध्ये दोनदा पाणी पिऊन, रकान्यात नाव भरलं. लेक फोनवर होती. ती म्हणाली, आई, बरोबर आलंय का, वाच बघू मोठ्याने. वहिनींनी पदर तोंडाला लावला. एकेचाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला “एमंडी” अशीच हाक मारलेली; त्यांच्या तेलुगू घरांत बायका नवऱ्याला हाक मारायची तीच रीत. “मी कशी वाचू गं?” त्या म्हणाल्या. शेवटी मी वाचलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण मास्तरांची तशी लेखी परवानगी घेतलेली नाही.

फूल बरं खपलं. काट्यांवर झोपायला लोक आता तयार झालेत. आणि दोन महिन्यांत व्हायचं तेच झालं. लेकीला दुसऱ्या कुठल्यातरी दुकानात तेच फूल दिसलं. रंग निळा केलेला, एक काटा वळवलेला, एक पान वाढवलेलं. ती चिडून सुट्टी घेऊन आली. म्हणाली, तक्रार टाकू, त्याचं दुकान बंद करू. मास्तरांनी ते चित्र बोटांनी मोठं करत करत उजव्या कोपऱ्यापर्यंत नेलं. कोपरा स्वच्छ होता.

“बगा, गाळलंय,” ते मला म्हणाले. ते रागावले नव्हते. “तीन बदल बरोबर केलेत पोरानं. त्यालाबी कुणीतर म्हणलं असंल की.”

त्यांनी माझ्याकडून कागद लिहून घेतला. मला वाटलं तक्रार असेल. त्यांनी सांगायला सुरुवात केली, “लिहून देणार, मी.” माझा पेन थांबला. इतक्या कागदांत ते कायम ‘लिहून घेणार’ होते. “लिहून घेणार, ज्यानं कुणी हे काढलंय तो. कारणे संमतीपत्र लिहून देतो की, सदर फुलास माझी हरकत नाही. डावा काटा चांगला वळवला आहे. फक्त कोपऱ्यात एक टिंब ठेवत जावे, म्हणजे दृष्ट लागणार नाही.” खाली त्यांनी पूर्ण नावाने सही केली आणि सहीपुढे टिंब दिलं. लेकीने तक्रार केली नाही. त्या दुकानाला पत्ता नव्हता, तेव्हा कागद पाठवायचा कुठे हा प्रश्न होता. मास्तरांनी तो घडी करून खिशात ठेवला. सवयीप्रमाणे मी माझ्या फायलीसाठी त्याची एक नक्कल उतरवून ठेवली.

त्यानंतर मास्तर परवानगी मागायला येत नाहीत. मान वर करून नवी पेठेतून फिरतात म्हणे, आणि साड्यांसमोर इतका वेळ थांबतात की दुकानदार पाणी विचारतो. ठीक आहे. माझी दुपारची झोप आता पूर्ण व्हायला हवी. पण साडेतीन वाजले की मी आपोआप जागा होतो आणि कडीकडे बघत पडतो. कडी वाजत नाही. घरात बोलायला माणूस आहे, तरीही मला करमत नाही, हे सांगायला लाज कसली.

परवा असाच जागा झालो आणि चाळा म्हणून ती फाइल काढली. मास्तरांच्या पत्राची नक्कल वाचली. शब्द न् शब्द बरोबर, काना-मात्रा बरोबर, खाली माझ्या हाताने लिहिलेलं ‘खरी नक्कल’. आणि सहीच्या पुढे काही नव्हतं. चौदा वर्षं नक्कल विभागात काढलेल्या माणसाने, शाईचा ठिपका पडला असेल असं समजून, टिंब गाळलं होतं.

मी पेन उचलला आणि परत ठेवला. मग चपला घातल्या, शेजारी गेलो आणि कडी वाजवली. बऱ्याच वेळाने मास्तरांनी दार उघडलं. डोळे चोळत होते, झोपले असावेत.

“मास्तर,” मी म्हणालो, “तुमचं एक टिंब माझ्याकडून गळालंय. टाकायची परवानगी पाहिजे.”

ते बाजूला झाले. “आत या, भाऊसाहेब,” म्हणाले, “लेखी देतो की.”